देशमुखबाईंची सहावी अट

देशमुखबाईंच्या हातात एखादा फॉर्म दिला की त्या आधी खुर्चीवरून उठायच्या. पर्स खांद्याला, छत्री काखेत, डबा भरलेला असो की रिकामा, डब्याची पिशवी मनगटाला. एवढा सगळा लवाजमा अंगावर घेऊन त्या ऑफिसच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि फॉर्म पहिल्या ओळीपासून मोठ्यांदा वाचायच्या. माझ्या पहिल्याच दिवशी मी हे पाहिलं आणि मला वाटलं, बाई घरी निघाल्या. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

"फॉर्म लिहिणारा बसलेला असतो," त्यांनी मला नंतर समजावलं. "भरणारा उभा असतो. हातात सामान, कडेवर पोट्टं, मागं रांग. म्हणून उभ्यानं वाचायचा. जिथं आपले पाय दुखले, तिथं फॉर्म लांब झाला समज."

हे शहाणपण इंग्लंडातल्या हाउन्सलोचं होतं. तिथल्या कौन्सिलच्या बेनिफिटच्या, म्हणजे गरजूंना सरकारी मदत देण्याच्या, काउंटरवर त्यांनी वीस वर्षं काढली होती. काचेच्या पलीकडे लोकांनी किती वेळा पेन खाली ठेवलं आणि फॉर्म न भरता परत गेले, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. तिथून त्या आमच्या छोट्या संस्थेत आल्या. हॅमरस्मिथला बाथरूमच्या फरशांचं एक दुकान होतं, त्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही सात-आठ जण बसायचो. आफ्रिकेतल्या काही देशांची सरकारं गरीब घरांना दर दोन महिन्यांनी थोडीशी रोख मदत द्यायला लागली होती. त्यातून घरातली मुलं दोन वेळा जेवावीत, शाळेत टिकावीत, अशी अपेक्षा. ती मदत कोणाला द्यायची, कशी द्यायची, याचे नियम लिहून द्यायचं काम आमच्याकडे होतं. नवं शतक सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मी पुण्याहून संख्याशास्त्र शिकून वर्क परमिटवर आलो होतो आणि आफ्रिकेचं दारिद्र्य माझ्या कॉम्प्युटरची वाट बघतंय अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

देशमुखबाई तेव्हा साठीच्या आसपास होत्या. मूळच्या अमरावतीच्या. इंग्लंडात तीस वर्षं होऊन गेली तरी त्यांच्या बोलण्यातलं वऱ्हाड गेलं नव्हतं. उलट त्यात हाउन्सलोची इंग्लिश मिसळून एक वेगळाच पदार्थ तयार झाला होता. ऑफिसातले गोरे त्यांना शालिनी म्हणायचे. मी पहिल्या दिवशी आपल्या वळणाप्रमाणे "काकू" म्हणालो, तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काकू घरी म्हण, जेवायला येशील तेव्हा. इथं मी पगार घेते." म्हणून मी देशमुखबाई म्हणायला लागलो. जेवायलाही पुष्कळदा गेलो, पण जिभेला काकू काही परत चिकटलं नाही.

पहिल्या आठवड्यात मी त्यांना माझा तक्ता दाखवला. एका जिल्ह्यातली सगळी गरीब घरं, प्रत्येक घराची एक ओळ, उत्पन्न, जमीन, माणसं, सगळं रंगीत. शाबासकी मिळेल म्हणून मी थोडा मागे सरून उभा राहिलो. बाईंनी तो खाली-वर पाहिला आणि विचारलं, "यात पोट्टं कुठं आहे?"

मी एका रकान्यावर बोट ठेवलं. अठरा वर्षांखालील अवलंबित व्यक्ती, चार.

"हे चार म्हणजे काय? तान्ही आहेत की मिसरूड फुटलेले? कोणाची आहेत? रात्री कोणाजवळ निजतात?"

ती माहिती आपल्याकडे नाही, असं मी सांगितलं. त्यांनी तक्ता परत दिला. "मग तू घरं मोजून राहिला बाप्पा. घरं शाळेत जात नाहीत."

मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणून ठेवला, आणि पुण्याच्या माणसाला तो ठेचा सोसतो का हे बघायला चार टेबलांवरून सगळे जमले. सोसला नाही. पण तक्त्यात वयाचा आणि 'सांभाळतो कोण' असा रकाना आला तो त्या आठवड्यापासून.

त्यांची मोठी कीर्ती झाली ती मात्र डेव्हिडच्या प्रसंगामुळे. डेव्हिड म्हणजे आमच्या कामाला पैसे देणाऱ्या संस्थेचा वरचा अधिकारी. उंच, सभ्य, घाईत असलेला. त्याच्या माणसांनी नऊ पानी अर्ज तयार केला होता आणि तो त्याच नऊ पानांचं कौतुक करायला आला होता. बाईंनी त्याला चहा दिला, चहा संपू दिला, मग म्हणाल्या, "जरा उभे राहता का?" तो भला माणूस उभा राहिला. बाईंनी त्याच्या एका हातात आपली भाजीची पिशवी दिली. दुसऱ्या हातावर आपला कोट गुंडाळून ठेवला आणि सांगितलं, हे तुमचं बाळ, याला ताप आहे. मग अर्ज पुढे धरला. "आता भरा."

डेव्हिडला आधी हसू आलं. पहिल्या पानावर त्याने पिशवी खाली ठेवायला घेतली, तर बाई म्हणाल्या, "तिथं चिखल आहे." दुसऱ्या पानाच्या अखेरीस त्याने बसलं तर चालेल का असं विचारलं. चालणार नव्हतं. तिसऱ्या पानावर त्याच्या हातून बाळ पडलं. महिन्याभरात अर्ज दोन पानांचा झाला. त्यानंतर डेव्हिड सगळीकडे शालिनीचं नाव घ्यायचा, आणि ऑफिसात आला की आधी कोट कुठे आहे ते बघून मगच पुढे यायचा.

आता सहाव्या अटीकडे येतो. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या एका छोट्या देशाचं काम आमच्याकडे आलं. देशाचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, आमची होती. तिथे पुष्कळ घरांत आईबाप आजारानं गेलेले आणि नातवंडं आजीच्या पदरात, अशी परिस्थिती होती. मदत आजीच्या हातात पडणार. ती कोणाला मिळावी याच्या पाच अटी ठरल्या. आणि एके दिवशी देशमुखबाईंनी सहावी लिहिली: पैसे घ्यायला येताना मुलाला बरोबर आणावं, मूल समोर दिसल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

"इतकी कडक अट कशासाठी?" मी विचारलं. आम्ही दोघं खिडकीशी डबा खात होतो.

बाईंनी घास खाल्ला, पाणी प्यायल्या आणि सरळ सांगून टाकलं. त्या आणि त्यांचे यजमान इंग्लंडला आले तेव्हा अजय चार वर्षांचा होता. यजमानांना विमानतळावरच्या किचनमध्ये शिफ्टची नोकरी, बाई एका कारखान्यात पॅकिंगला, राहायला एकच खोली. दोन वर्षांत न्यायला येऊ म्हणून अजयला अमरावतीला आजीजवळ ठेवला. दोनाची चार वर्षं झाली. दर महिन्याला पैसे जायचे, पोचल्याचं पत्र यायचं, दिवाळीला अजयचा फोटो यायचा. चार वर्षांनी बाई न्यायला गेल्या तर अजय त्या घरात नव्हताच. म्हाताऱ्या आजीला झेपेना म्हणून तिने त्याला मोर्शीकडे, थोरल्या दिरांच्या संत्र्याच्या बागेत पाठवला होता. दोन वर्षं तो तिथे राखणीला होता. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. कळवायची आजीला भीती वाटली.

"सासूबाई वाईट नव्हत्या रे," त्या म्हणाल्या. "पैसे पोचत होते. पोट्टं पोचलं की नाही, हे बघायला कोणी नव्हतं. म्हणून ही अट. पोट्टं डोळ्यांना दिसलं पाहिजे."

अजय आता मँचेस्टरला होता. चांगली नोकरी, चांगली बायको. दर रविवारी अकरा वाजता फोन करायचा आणि आईला अहो-जाहो करायचा. मी एकदा त्यांच्या घरी असताना तो फोन ऐकला. तब्येत विचारली, हवा विचारली, "काळजी घ्या" म्हणाला आणि संपला. बाई फोन ठेवून थोडा वेळ त्याच्याकडेच बघत बसल्या. त्यांना काय हवं होतं ते मला त्या दिवशी समजलं. मुलानं एकदा भांडावं, एवढंच हवं होतं.

सहावी अट मी उचलून धरली. तिच्या समर्थनासाठी टिपण मीच लिहिलं. योजना आधी एकाच जिल्ह्यात करून बघायची होती आणि तिथली अधिकारी एस्थर नावाची बाई होती. शांत, कमी बोलणारी. तिने फोनवर एकदाच म्हटलं होतं, "आमच्याकडे अंतरं लांब असतात." मी ते टिपून घेतलं आणि विसरलो. अट सगळ्यांना फार आवडली. डेव्हिडला तर सगळ्यात जास्त. आज्यांच्या रांगेत मुलं उभी आहेत हे दृश्यच असं होतं, की पैसे देणाऱ्याला आपले पैसे कुठे गेले ते एका नजरेत दिसायचं.

दोन वर्षांनी त्या जिल्ह्यातल्या शाळांच्या हजेरीपटांची माहिती माझ्याकडे आली. हजेरी वाढली होती, पण दर दोन महिन्यांनी दोन-तीन दिवस ती एकदम कोसळायची. मी आधी मलेरिया म्हटलं, मग पेरणी म्हटलं. शेवटी एस्थरला फोन लावला. ती म्हणाली, ते पैसे वाटायचे दिवस आहेत. आजीला जायला दिवसभर चालावं लागतं, परत यायला आणखी एक दिवस. मुलाला बरोबर आणा असं तुमचा नियम म्हणतो, म्हणून ती आणते. मग तिने मर्सीची हकीकत सांगितली. मर्सी बारा वर्षांची. पैशांच्या दिवशी तिची परीक्षा होती. ती आजीला म्हणाली, मी येत नाही. आजी एकटी चालत गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. पुढच्या खेपेला पुन्हा परीक्षा होती, तेव्हा मर्सी काही बोलली नाही. आजीबरोबर गेली आणि रांगेत उभी राहिली.

मुलांना शाळेत ठेवायला काढलेली योजना मुलांना शाळेतून काढत होती, आणि काढणारी ओळ देशमुखबाईंची होती. मी आठवडाभर त्यांना हे सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं, "काऊन रे, तोंड काऊन उतरलं?" मग मी हजेरीचे आकडे आणि वाटपाच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या. त्या उठल्या नाहीत. फॉर्म नव्हता तो, पण मला वाटलं होतं त्या उठतील. बसूनच त्यांनी दोन्ही कागद वाचले आणि मर्सीचं काय झालं ते मला दोनदा सांगायला लावलं.

त्या रविवारी त्यांनी अजयच्या फोनची वाट पाहिली नाही. आपणच लावला. सोमवारी मला सांगितलं ते असं. त्यांनी अजयला पहिल्यांदाच आपल्या कामाची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "तुला कोणी दर दोन महिन्यांनी समोर आणून बघितलं असतं, तर बरं झालं असतं ना रे?"

अजय म्हणाला, "आणायचेच की. दर दिवाळीला काका मला एसटीत बसवून अमरावतीला आणायचे. आजी आंघोळ घालायची, नवा शर्ट चढवायची, स्टुडिओत न्यायची. फोटो झाला की दुसऱ्या दिवशी परत बागेत. मला वाटायचं, फोटोसाठी आणलंय तर आता राहू देतील. तुम्हाला दिसत होतो मी, आई. दिसून काय झालं?"

"एवढं बोलला," बाई म्हणाल्या. "तीस वर्षांत पहिल्यांदा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा मात्र खूश म्हणावा असा होता. मी त्यांच्यासाठी चहा करून आणला.

वेळ थोडा होता. त्या जिल्ह्यात यश आलं म्हणून योजना आता पूर्ण देशात जाणार होती आणि नियमांचं पुस्तक दोन आठवड्यांत छापायला जायचं होतं. एकदा छापलं की ते बदलायला वर्षं लागली असती. मग प्रत्येक जिल्ह्यात आज्या मुलांना घेऊन चालत निघाल्या असत्या. बाईंनी बैठक बोलावली. डेव्हिड आला, त्याची माणसं आली, एस्थर फोनवर होती.

डेव्हिडला पटेना. "शालिनी, ही तुमचीच अट आहे. पुस्तकातली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. वाटप शनिवारी ठेवू." एस्थर फोनवरून म्हणाली, शनिवारी ठेवलं तर शुक्रवारी चालायला निघावं लागेल. कोणी म्हणालं, लांबच्या गावांना सूट देऊ. कोणी म्हणालं, अट काढली तर खोटी नावं घुसतील. ही भीती खोटी नव्हती, आणि बाईंना ती इतरांपेक्षा जास्त माहीत होती.

त्या बसूनच बोलल्या. आवाज चढवला नाही. "ती ओळ मी लिहिली आणि ती चुकली. मला मुलं दिसावीत म्हणून मी लिहिली. मला दिसणं हे मुलांचं काम नाही." मग म्हणाल्या, "मूल जिथं असायला पाहिजे तिथं ते आहे का, एवढंच आपल्याला हवंय. शाळेचा मास्तर रोज हजेरी घेतो. त्याला एका सत्रात एकदा सही करू द्या. लहान बाळांना नर्स बघतेच, ती सही करील. आपण मुलाला हलवायचं नाही. कागद हलू दे."

डेव्हिडने विचारलं, तुमची खात्री आहे? बाई म्हणाल्या, "मागच्या वेळी होती. म्हणून सांगते." अट गेली. पुस्तक पाच अटींचं छापलं. त्यात शाळेच्या सहीचा एक छोटा परिच्छेद आहे. त्यावर कोणाचं नाव नाही.

त्यानंतर वर्षभरात बाई निवृत्त झाल्या. त्यांना कोणी जा म्हटलं नाही आणि कोणी थांबाही म्हटलं नाही. त्या इतकी वर्षं ज्या मुलांसाठी झटल्या, त्यांच्या देशात त्या एकदाही गेल्या नव्हत्या. आधी यजमानांचं डायलिसिस, ते गेल्यावर स्वतःचे गुडघे. "एकदा जाऊन येईन," असं दरवर्षी म्हणायच्या आणि नकाशात तो जिल्हा कुठे आहे ते नव्या माणसाला दाखवायच्या. त्यांच्या जागी मग मला पाठवण्यात आलं. एका वाटपाच्या दिवशी मी तिथे होतो.

परत आल्यावर पहिल्याच शनिवारी मी हाउन्सलोला त्यांच्या घरी गेलो. दारात चपला काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "किती पोट्टे होते?"

"एकही नव्हतं," मी म्हणालो. "पाठीला बांधलेली दोन-तीन तान्ही. बाकी सगळ्या आज्या. बसून गप्पा मारत होत्या."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. जेवताना त्या पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. आज्यांनी काय नेसलं होतं, पाणी कुठून आणतात, रांग सावलीत होती का. शेवटी, ताट बाजूला सारल्यावर, त्यांनी मर्सीचं विचारलं.

"ती आता वरच्या वर्गात आहे," मी सांगितलं. "वाटपाच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्या गावच्या शाळेपर्यंत गेलो होतो. एस्थर म्हणाली, तिला वर्गातून बोलावून आणते, दोन मिनिटं भेट. मी नको म्हटलं."

"काऊन?"

"गणिताचा तास चालू होता."

बाईंनी माझा हात हातात घेतला, दाबला आणि म्हणाल्या, "बरं केलं बाप्पा." मी बरं केलं हे मला माहीत होतं. तरी त्यांचा चेहरा बघून मला वाटून गेलं, दोन मिनिटं बोलावली असती तर काय बिघडलं असतं. मी तिचा एक शब्द तरी त्यांच्यासाठी आणला असता.

पुढच्या हिवाळ्यात देशमुखबाई गेल्या. मी तेव्हा पुण्याला होतो, मला उशिरा कळलं. अजय मला फोनवर म्हणाला, की शेवटच्या महिन्यात आई त्याच्याकडे मँचेस्टरला होती आणि दोघं खूप भांडले. ते सांगताना तो रडत होता. अजूनही एखादा लांबलचक फॉर्म समोर आला की मला त्यांची फार आठवण येते, आणि ती आठवण काही सुखाची नसते. विचारायला माणूस उरला नाही, एवढंच त्यात असतं.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या त्याच शनिवारी. मी नको म्हणत असताना मला सोडायला बस स्टॉपपर्यंत आल्या, घरातल्या चपलांवर, कार्डिगनची बटणं न लावता. एक विमान अगदी डोक्यावरून गेलं तेव्हा आम्ही दोघं बोलायचं थांबलो. मग बस आली. मी पाय ठेवला आणि त्यांनी मागून माझ्या बाहीला धरलं.

"दिसायला कशी असेल रे ती पोट्टी?"

"माहीत नाही, देशमुखबाई," मी म्हणालो.

त्यांनी बाही सोडली. बस निघाली तेव्हा मी काचेतून पाहिलं. त्या तिथेच उभ्या होत्या आणि बसकडे बघत नव्हत्या.